धुराला टाटा

"कर गं, पावण्यांना दाखव. आईला टाटा कर."

शेठाणी ओट्यावर बसून सांगायची. मी लगेच कठड्याला पोट टेकायची, शेतापल्याडच्या वीटभट्टीच्या धुराकडे बघायची आणि दोन्ही हात हलवायची. पावणे हसायचे. कुणी बिस्कीट द्यायचं. मला वाटायचं, काय माझं कौतुक! आपल्याला नाचवतायत हे माकडालाही कळतं. मला तेवढंही नाही.

दुधाचे दात पडायचं वय. दिवाळी झाली की आमचा पाडा डोंगर उतरून भिवंडीकडे भट्टीवर यायचा. आदल्या वर्षी मी वाळत घातलेल्या कच्च्या विटांवर नाचले. ओळीच्या ओळी पावलं उमटली. मला वाटलं, रांगोळी. शेठ बापाला म्हणाला, "ही पोर भट्टीवर नको. अंजूरला आमच्या घरी टाक, बाळ खेळवील." बापाने मान हलवली. मला विचारतंय कोण.

रडायला लागले तेव्हा शेठाणीनेच धूर दाखवला. "ती बघ तुझी आई. हात कर, तिला दिसतंय." तेव्हापासून रोज मी धुराला सांगायची, आज काय खाल्लं. धूर वाकडा झाला की वाटायचं, आई रागावली. येडी.

शिमग्याआधी, बाजाराच्या दिवशी आई आली. हात जोडून मागच्या दारी. घरात पावणे होते. "बघ, तुझी लेक काय करते," म्हणत शेठाणीने तिला पुढे बोलावलं. मी जोरजोरात हात हलवले. आई माझ्या पाठीमागे उभी, आणि मी धुराला टाटा करतेय. हसून लोळले सगळे. आईपण हसली. तसं हसायला भट्टीवर शिकतात.

मग ती कानाशी वाकली. "बाय, कुणाला हात करतेस? ती भट्टी आपली न्हाय. आपली दापोड्याच्या गावामागं. इथनं दिसत न्हाय."

आमची भट्टी शेठाणीच्याच नवऱ्याची. तिला ठाऊक नव्हतं?

"आईसमोर आणखी एकदा कर," पावण्यांतली एक म्हणाली.

मी हात पाठीमागे बांधले. "तिथं माझी आय न्हाय. तुमाला म्हाईत व्हतं."

शेठाणीची चपराक बसली. आई म्हणाली, "माफी माग." मी तिचं लुगडं धरलं ते भट्टी येईपर्यंत सोडलं नाही. तिथं सुख नव्हतं. राख, ऊन, दिवसभर विटा पलटायच्या. पण खोकणारी आई शेजारी होती.

लग्न होऊन अंजूरलाच राहिले. आता त्या शेतांत गोदामं आहेत. भट्ट्या सरकल्या, संपल्या नाहीत. लेक-जावई यंदाही गेलेत, नात माझ्याकडे.

परवा त्याच घरची सून गाडीतून आली. "मावशी, पोरीला आमच्याकडे ठेवा. खाईल-पिईल, बाळाशी खेळेल. आईशी रोज व्हिडिओ कॉल लावून देईन."

"सूनबाई, तुमच्या सासूनं धूर दाखवला व्हता, तुमी मोबाईल दाखवता. सुधारलात की."

तिने हातातला मोबाईल पर्समध्ये टाकला.

"पोर मिळायची न्हाय."

"भल्यासाठीच सांगते, मावशी."

"भलं तुमच्या बाळाचं. ते तुमी सांभाळा."

नात शाळेत जाते. रविवारी मी तिला रिक्षात घालून भट्टीवर नेते, आईच्या अंगाला अंग लागू देते. कुणाच्या ओट्यावर ती उभी राहणार नाही. मी मेल्यावर तुम्ही शेठच्या घरचे पुन्हा विचारायला याल, माहीत आहे मला. दार नातच उघडेल. तिला सगळं सांगून ठेवलंय.