दोन-चारचा हात

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड खाल्ला, आणि निवृत्तीनंतर त्यातलं बरंचसं विसरलोही. पण आबिड्समधल्या एका बांगड्यांच्या दुकानातली जबरी चोरी काही केल्या विसरता येत नाही, कारण त्या तपासात मी स्वतः मोठी चूक केली होती. नावं कोणाचीच सांगणार नाही. ती सगळी माणसं अजून याच शहरात राहतात.

मी तेव्हा त्या भागातल्या ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. दुपारी अडीचच्या सुमारास फोन आला की पिस्तूल दाखवून दुकान लुटलं. आमच्या हद्दीत खिसे कापले जात, मोबाईल पळवले जात, ते रोजचंच होतं. पिस्तूल म्हटलं की मात्र वरच्या साहेबांचे फोन सुरू होतात. मी सब-इन्स्पेक्टर आणि दोन शिपाई घेऊन लगेच निघालो.

गल्लीतलं अरुंद दुकान, छतापर्यंत काचेच्या आणि लाखेच्या बांगड्या. मालक साठीचा गृहस्थ, तो जेवायला घरी गेला होता. दुकानात एकटी होती ती सतरा वर्षांची मुलगी. सकाळी ज्युनियर कॉलेज आणि बारा वाजल्यापासून दुकान, असा तिचा दिवस. राहायला गौलीगुड्यात, वडील सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय. घराणं मूळचं नांदेडकडचं. या तेलुगू-उर्दू बोलणाऱ्या शहरात माझ्या छातीवरच्या पट्टीवर तिने मराठी आडनाव वाचलं आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला. म्हणाली, "सर, तुम्ही आपल्यातलेच का? मग मी मराठीतच सांगते."

तिने सांगितलं ते असं. काळ्या काचेचं हेल्मेट घातलेला, अंगात जाड जाकीट असलेला एक जण आत आला. एक शब्द बोलला नाही. उजव्या हातात पिस्तूल धरलं आणि डाव्या हाताने काउंटरखालच्या खणाकडे बोट केलं. त्या खणात एका गिऱ्हाइकाच्या चार सोन्याच्या बांगड्या होत्या. चिक्कडपल्लीच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी त्यांना जुळतील अशा खड्यांच्या बांगड्या करायला टाकल्या होत्या आणि नमुना म्हणून सोन्याच्या ठेवून गेल्या होत्या. मुलीने खण उघडला, पुडी दिली. तो बाहेर पडला आणि स्कूटरवर बसून गेला. कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्यात स्कूटर दिसली, पण नंबरची पट्टी वाकवलेली होती.

"चेहरा?"

"दिसलाच नाही, सर. मी निस्तं पिस्तुलाकडं बघत होते. हां, पण हात बघितला. दोन-चारचा हात होता."

बांगड्यांच्या धंद्यात मापं अशी बोलतात. दोन-चार म्हणजे लहान, सडपातळ हात. दोन-आठ म्हणजे भरलेला. माझा सब-इन्स्पेक्टर हसून म्हणाला, "चोराला बांगड्या भरायच्यात का गं?" शिपाईही हसले. मीही हसलो असेन.

पोलिसाचं डोकं ज्या वाटेने चालतं त्या वाटेने माझं चाललं. चोराने गल्ल्याला हात लावला नाही, थेट खण दाखवला. म्हणजे सोनं कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. ते कोणाला ठाऊक होतं? मालकाला, गिऱ्हाइकाच्या घरच्यांना आणि या मुलीला. मालक तीस वर्षांपासूनचा दुकानदार. गिऱ्हाइकाचा तर माल गेला होता. उरलं कोण? संध्याकाळी आमच्या नेहमीच्या खबऱ्याने त्यात भर घातली. समोरच्या पानवाल्याच्या हवाल्याने तो म्हणाला, "साब, लडकी पाँच मिनट पहले बाहर आको फोन पे बात कर री थी. इधर-उधर देख री थी." झालं. मी मनातल्या मनात केस बंदच करून टाकली.

कायद्याप्रमाणे बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. घरी जाऊन, महिला पोलिसासमोर विचारायचं असतं. त्यात ही तर अल्पवयीन. मला नियम पाठ होता. तरीही मी तिच्या वडिलांना फोन केला आणि गोड मराठीत म्हणालो, "काळजी करू नका, अर्ध्या तासाचं काम आहे, पोरीला पाठवून द्या." त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आणून सोडलं आणि माझ्यावर भरवसा ठेवून ते ड्यूटीवर गेले. अर्ध्या तासाचे पाच तास झाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं.

मी तिच्यावर हात उगारला नाही, शिवीही दिली नाही. पण तिच्याच भाषेत, तिच्या घरात बोलतात तसं बोलून मी तिला घेरत गेलो. एवढं सोनं होतं, तू ओरडली का नाहीस? हात लहान होता म्हणतेस, म्हणजे कॉलेजातलाच कोणी पोरगा ना? नाव काय त्याचं? तिने दिलेला एकमेव धागा मी तिच्याच गळ्याभोवती गुंडाळला. तिचा मोबाईल तपासला. पानवाल्याने पाहिलेला फोन आईला केलेला होता. मी म्हटलं, दुसरा नंबर पुसून टाकला असशील.

"मी झूट नाही बोलायले, सर. कायकू बोलू?"

ती तेवढंच म्हणे, आणि रडत नसे. न रडणारी मुलगी पोलिसाला पक्की वाटते. इकडे गल्लीत व्हायचं ते झालं. पोलीस सारखं सारखं बोलावतात म्हटल्यावर मालकाने तिला कामावरून काढलं आणि शेजारपाजारी कुजबुज सुरू झाली. सतरा वर्षांची पोर चोर ठरली होती, आणि ती ठरवली होती मी. आज हे लिहिताना लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी बाकावर तिच्याजवळ आमची हेड कॉन्स्टेबल बसली होती. तेलुगू बाई, वीस वर्षांची नोकरी, तोंडाची फटकळ. थोड्या वेळाने ती माझ्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "सर, ये लडकी झूट नहीं बोल री."

"कशावरून?"

झालं होतं असं की मुलीने तिच्या हाताकडे बघून सांगितलं होतं, "मॅडम, तुमचा हात दोन-सहाचा आहे. घातल्यात दोन-आठच्या, म्हणून इतक्या वाजायल्यात." बाई चाट पडली. तिच्या घरी सगळ्या बांगड्या दोन-सहाच्याच होत्या. या तेवढ्या जावेने भेट दिलेल्या, सैल. मग तिने ठाण्यातल्या बायकांचे हात एकेक करून मुलीपुढे धरले. सफाईवालीपासून संगणकावर बसणाऱ्या पोरीपर्यंत पाच जणी झाल्या. मुलीने हात न लावता, लांबून, सगळ्यांची मापं बिनचूक सांगितली.

मी बाहेर आलो आणि माझाही हात पुढे केला. तिने एकदाच बघितलं.

"तुम्हाला बांगडी नाही व्हायची, सर. अंगठ्याचं हाड लई मोठं आहे."

शिपाई तोंड फिरवून हसले. मला हसू आलं नाही. मी तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसलो आणि तीन दिवसांत पहिल्यांदा एक खरा प्रश्न विचारला.

"त्या सोन्याच्या बांगड्या कोणत्या मापाच्या होत्या?"

"दोन-चार."

"आणि नवरीचा हात?"

"दोन-आठ. त्या आईसोबत आल्या होत्या. खड्यांच्या बांगड्या दोन-आठच्याच लिहून घेतल्या मी. सोन्याच्या तर साबण लावूनपण गेल्या नसत्या. आई बोलल्या, सोनाराकडून जोड देऊन वाढवून घेणार."

"मग त्या मुळात कोणाच्या?"

तिलाही तेव्हाच उमगलं असावं. म्हणाली, "ते मला काय माहीत, सर. पण ज्या हातात पिस्तूल होतं ना, त्या हातात त्या बरोब्बर बसल्या असत्या."

हेड कॉन्स्टेबलने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आम्ही सगळे, अगदी ती मुलगीसुद्धा, चोराला 'तो' म्हणत होतो. आत आलेला माणूस एक शब्द बोलला नव्हता, तो का बोलला नाही याचा विचार मी केलाच नव्हता.

त्याच दुपारी आम्ही साध्या कपड्यांत चिक्कडपल्लीला त्या गिऱ्हाइकाच्या घरी गेलो. लग्नाची गडबड होती. घरची सून चहा घेऊन आली. पंचविशीची, नाजूक बांध्याची. हेड कॉन्स्टेबलने तिच्या हाताकडे पाहून मला खूण केली आणि तिला आतल्या खोलीत नेलं. फार विचारावंच लागलं नाही. सून तेलुगूत म्हणाली, "माझ्याच आहेत. माझ्या आईने लग्नात घातलेल्या."

हकीकत अशी की लग्नानंतर सासूने जपून ठेवते म्हणून त्या बांगड्या आपल्या कपाटात ठेवल्या होत्या. आता त्याच बांगड्या ती स्वतःच्या मुलीला लग्नात देणार होती. सुनेने चारपाच वेळा विचारलं. सासूने उडवून लावलं, नवरा म्हणाला गप्प बस. बांगड्या कपाटातून पहिल्यांदा बाहेर आल्या त्या दुकानात ठेवायला, आणि त्या कोणत्या खणात ठेवल्या हे सुनेला सासूच्याच बोलण्यातून कळलं. तिने दिराचं हेल्मेट, नवऱ्याचं जाकीट आणि घरची स्कूटर घेतली. पिस्तूल म्हणजे फुटपाथवर मिळणारं सिगारेटचं लायटर होतं. चाप ओढला की ज्योत निघते. बांगड्या तिच्या कपाटात, स्वेटरच्या बाहीत सापडल्या. पंचनामा झाला, मुद्देमाल जप्त झाला, अटक झाली.

ठाण्यात मग काय विचारता! सगळ्यांना सुनेचा पुळका आला. होमगार्डने तिला इडली आणून दिली. लायटर टेबलावर ठेवून शिपाई ते पेटवत आणि हसत. सासू लग्न तोंडावर आलंय म्हणून हात जोडत होती, घरातलीच गोष्ट आहे, मिटवून टाका म्हणत होती. असला गुन्हा ठाण्यात मिटवता येत नाही, हे मी तिला सांगितलं. पण खोटं कशाला बोलू, वाईट मलाही वाटत होतं. स्वतःच्याच बांगड्या चोरायची वेळ आली बिचारीवर, असं मी स्वतः दोनदा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. आजूबाजूचे दुकानदार जमले होते, त्यांच्यासमोर मालकाला सांगितलं की मुलीचा काही संबंध नाही, चूक आमची होती. मालकाने मान खाली घातली. पुढे त्याने तिला परत बोलावलंही, पण ती गेली नाही. दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानात लागली.

त्या संध्याकाळी पुरवणी जबाब घ्यायला हेड कॉन्स्टेबलसोबत मी गौलीगुड्यात तिच्या घरी गेलो. नियमाने जिथे पहिल्या दिवशी जायचं, तिथे चौथ्या दिवशी. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. आईने खुर्ची दिली. वडील भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही आपले होता म्हणून मी पोरीला धाडलं. दुसरा कोणी असता तर वकील आणला असता." मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं असंही नाही आणि नाही केलं असंही नाही.

मग मी मुलीला सुनेची सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं तीही आमच्यासारखीच हळहळेल. लायटरचं सांगून मी थोडा हसलोसुद्धा. ती हसली नाही.

"त्या टायमाला ते पिस्तूलच होतं, सर," ती म्हणाली. "तिच्या बांगड्या तिला देऊन टाका, मला काय त्याचं. पण पिस्तूल तिनं माझ्यापुढं धरलं. सासूपुढं नाही धरलं."

मी तिला तीन दिवसांत ढीगभर प्रश्न विचारले होते. जाकिटाचा रंग विचारला, स्कूटरचा विचारला, नसलेल्या मित्राचं नाव विचारलं. एक प्रश्न मात्र कोणीच विचारला नव्हता. मी विचारला.

"खूप घाबरली होतीस का, बेटा?"

तिने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई डबा घेऊन येणार होती. मी तिला पाच मिनिटं आधी फोन करून लवकर ये म्हटलं होतं. वाटलं, आई आता दारात आली, ओरडली, तर ते पिस्तूलवाले तिलाच मारतेत. म्हणून पटकन देऊन टाकलं. सोनं गेलं तर गेलं." एवढं बोलून ती रडायला लागली. आईने तोंडावर पदर धरला. लेकीने हे घरीही सांगितलं नव्हतं. ठाण्याच्या चकरांत कोणी विचारायला थांबलंच नव्हतं.

ओरडली का नाहीस, या माझ्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. त्यानंतरच्या नोकरीत समोर कोणीही फिर्यादी आला तर मी आधी पेन खाली ठेवून विचारत असे, तुम्ही ठीक आहात ना. माझे हाताखालचे लोक कंटाळत, पण त्या एका प्रश्नाने माणूस नीट बोलायला लागतो, आणि तपासालाही त्याचा फायदाच होतो. तरी फायद्यासाठी विचारावं असा तो प्रश्न नाही. आपल्या भाषेचा माणूस समोर आला की तो आधीच अर्धा मोकळा झालेला असतो, त्याचा आपण डाव म्हणून उपयोग केला, हे मला त्या घरात बसून कळलं.

सुनेवर आरोपपत्र गेलं. बांगड्या कोर्टात जमा झाल्या आणि त्या कोणाच्या, यावर दोन घरांचं निराळं भांडण लागलं. ते कोर्टाचं काम.

गौलीगुड्यातल्या त्या संध्याकाळी मी कागद पुढे ओढला आणि तिचा जबाब पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिला. लिहिला तेलुगूत, कारण दप्तराला तो तसाच लागतो. मग एकेक वाक्य मराठीत करून तिला वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य होतं, "माझी आई त्याच वेळी दुकानात यायची होती, म्हणून पिस्तूल पाहून मी फार घाबरले."

तिने डोळे पुसले. "ते पयलं परत वाचा, सर."

मी परत वाचलं. या वेळी तिच्या वडिलांकडे बघून वाचलं.