आधी कढई बघू

हॉटेलात शिरल्यावर माणूस पंखा कुठे आहे ते बघतो, हात धुवायची जागा बघतो आणि मग खुर्ची ओढतो. सकपाळकाका खुर्चीकडे बघायचेच नाहीत. ते सरळ मागे, भटारखान्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. "आत येत नाय हां," असं आधीच सांगून टाकायचे, "फक्त कढई बगतो." मालक गल्ल्यावरून अर्धवट उठायचा. त्याला वाटायचं, कोणी तपासणीला आलंय. काका मान तिरकी करून तेलाचा रंग बघायचे, एक लांब श्वास घेऊन वास घ्यायचे आणि परत येऊन मला निकाल सांगायचे. "चल गो, उठ. परवाचं तेल हाय." किंवा नुसतंच, "बस."

महाड आणि पोलादपूरच्या किती हॉटेलांतून मी अशी पाण्याचा घोटही न घेता उठून आले, ते आता आठवत नाही. पहिल्यांदा लाजेनं माझे कान तापले होते. काका म्हणाले, "लाज कसली? खाणार आपण, आजारी पडणार आपण, आन लाजायचं पण आपणच? त्यानं लाजावं."

मी सुजाता. पोलादपूरजवळच्या वाडीतली. वडील भाताच्या गिरणीत पोती उचलायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बीएस्सी, केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. हे मी कुणी न विचारता सांगते, कारण विचारणारं कोणी नसतं. पण हॉटेलात जायची सवय मला नव्हती. कॉलेजात असताना डबा न्यायचा, आणि डबा नसेल तर घरी येईपर्यंत उपाशी राहायचं, एवढंच माहीत. मेनूकार्ड हातात आलं की नजर पहिल्या ओळीवर खिळायची. वेटर उभा राहिला की तीच ओळ वाचून दाखवायची आणि येईल ते मुकाट खायचं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्याच्या क्यूसीत, म्हणजे माल तपासायच्या लॅबमध्ये, मला नोकरी लागली. लागून आठवडा झाला असेल, एक सॅम्पल मी नापास केलं. रिअ‍ॅक्टरवरचे, म्हणजे माल शिजवायच्या मोठ्या टाक्यांवरचे, जुने ऑपरेटर नव्या मुलीचा 'नापास' शेरा सुखानं घेत नाहीत, हे मला आधीच सांगितलं गेलं होतं. आता कोण भांडायला येतो म्हणून मी दाराकडे बघत बसले. आले ते सकपाळकाका. बुटके, काटक, पांढऱ्या मिशा, हेल्मेट काखेत.

"मॅडम, मालात पाणी दिसलं ना?"

"हो. जास्त आहे."

"पाणी मालात नाय, बाटलीत हाय. नव्या गड्यानं बाटली नळाखाली धुतली आन तशीच भरली. बाटली त्याच मालानं दोनदा विसळायची असते. तुमचं मशीन बरोबर, तुमी बरोबर, बाटली चुकली." स्वतः जाऊन त्यांनी दुसरं सॅम्पल आणलं. ते पास झालं. जाताना दारात थांबून म्हणाले, "नापास लिवताना हात थरथरला नाय ना? मंग टिकशील तू हितं."

त्या दिवसापासून चारचौघांत मी मॅडम, आणि एरवी 'बाय' नाहीतर नुसतं 'गो'.

काका कुडपणचे. वरच्या सड्यावरचं, डोंगरपठारावरचं गाव. आता निवृत्त होऊन तिथेच नाचणी-वरी करतात आणि मला फोनवर हवामान सांगतात. पण मी सांगते आहे ती गोष्ट त्यांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती तेव्हाची.

डिसेंबरात कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली आणि काकांची साखर भलतीच वर निघाली. कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं. "सकपाळ, हा एका दिवसाचा आकडा नाही. गेल्या तीन महिन्यांचा आहे. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर रिअ‍ॅक्टरपाशी उभे असता. तिथे चक्कर आली आणि तुम्ही कोणाला बोलला नाहीत, तर? शिमगा झाला की पुन्हा रक्त बघू. उतरलं नसेल तर तुम्ही स्टोअरला."

स्टोअर म्हणजे पिंपांवर लेबलं चिकटवायची. ज्या माणसानं तीस वर्षं रिअ‍ॅक्टरच्या नुसत्या घरघरीवरून आत काय शिजतंय ते सांगितलं, त्यानं शेवटची दोन वर्षं डिंकाच्या डब्याशी काढायची. दुसऱ्या दिवशी काका लॅबमध्ये आले आणि डॉक्टरांनी दिलेला पथ्याचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"तू बीएस्सी झालीस. हा वाच, आन कुठं काय खाऊ ते सांग."

काकू तेव्हा मुंबईला, सुनेच्या बाळंतपणाला गेलेल्या. काका महाडात खोली घेऊन एकटे. स्वयंपाकाचं विचारलं तर म्हणाले, "चुलीवर मी आजवर फक्त पाणी तापवलंय. ते पण आंघोळीचं." मेसमध्ये बटाटा आणि भात, भात आणि बटाटा. म्हणून मग आमचं ठरलं. दर शनिवारी पहिली पाळी सुटली की एक हॉटेल बघायचं. जिथे काकांना धड जेवता येईल अशी दोन-तीन ठिकाणं सापडेपर्यंत थांबायचं नाही. माझ्या शिक्षणाचा इतका थेट उपयोग आमच्या घरातही कुणी केला नव्हता. मी त्या कागदावर लाल शाईनं रेघा मारल्या.

त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी हॉटेलं पालथी घालते, हे वाडीत कळायला दोन शनिवार पुरले. आई म्हणाली, "त्या माणसाला आधी घरी आण. मला बघू दे." काका आले. आल्या आल्या चुलीपाशी उकिडवे बसले, कालवणाच्या टोपात डोकावले आणि आईला म्हणाले, "ताई, तुमचं हॉटेल पास." आई पदर तोंडाला लावून हसली. कुजबुज तिथेच संपली. रोज जेवायला या म्हणाली, तर काका म्हणाले, "पाहुणा रोज आला की त्याला पाहुणा म्हणत नायत, घुशा म्हणतात."

हायवेवरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटात कढई पास झाली, म्हणून आम्ही बसलो. वेटर चांगला वयानं मोठा, वही-पेन्सिल घेऊन उभा.

"दादा, भाजीत तेल कमी. बटर नाय. साखर नाय. ती काजूची पेस्ट नाय. वरून मलईचा नागमोडी रस्ता काढतात, तो पण नाय."

"काका, मग भाजीत राहिलं काय?"

"भाजी."

वेटरनं माझ्याकडे बघितलं. मी कागद दाखवला. तो आत गेला आणि आतून आचाऱ्याचा आवाज आला, "दवाखान्यात पाठव त्यांना!" भाजी आली. काकांनी वाटी तिरकी धरली. तेलाचा पिवळा ओहोळ सगळा एका काठाला जमला. काकांनी तो वेटरला दाखवला. वेटर ओशाळून म्हणाला, "आचारी ऐकत नाय हो."

मग महाडात नवीन निघालेला कॅफे. पुण्याहून परत आलेलं एक जोडपं चालवायचं. तिथे भटारखाना काचेतूनच दिसत होता, त्यामुळे काकांची थोडी निराशा झाली. मेनूत एक 'मिलेट बाउल' होता. मी समजावलं की मिलेट म्हणजे आपली नाचणी-वरी. मला वाटलं, आता हे टर उडवणार. आमच्या वाडीतल्या कुणीही उडवली असती. पण काचेच्या वाडग्यात शिजवलेली नाचणी, वर डाळिंबाचे दाणे आणि मधाची धार, असं पुढ्यात आलं तेव्हा काकांनी वाडगा दोन्ही हातांत धरून फिरवून बघितला. "आमची आय पायजे होती बगायला," म्हणाले. "जन्मभर मडक्यात आंबील ढवळत बसली. तिची नाचणी बग कशी काचंत बसलीय, नवरीवानी." मग चमचा घातला. "मऊ शिजलीय. पास. फक्त तो वरचा मध येगळा द्या. ज्याला पायजे तो घालील." त्या मुलीनं ते मनावर घेतलं. पुढच्या खेपेला गेलो तर सगळ्यांनाच मध वेगळ्या वाटीत.

पण खरी जागा सापडली ती पोलादपुरात, महाबळेश्वरकडे वळणाऱ्या रस्त्याला. एका मावशींची खानावळ, चार बाकडी. काका सवयीप्रमाणे मागच्या दारात.

"कढई बगू काय?"

"बग की," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "आन आलाच हायस तर ती दोन पातेली पण घासून टाक."

काकांनी बाह्या सरसावल्या आणि खरंच पातेली घासली. मावशींनी तेव्हा कुठे वर बघितलं. "काय झालंय तुला?"

"शुगर."

"मंग भात मागायचा नाय. मागितलास तर हाकलीन."

नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, पालेभाजी, कांदा. काका दुसऱ्या भाकरीला हात घालणार तर मावशींनी टोपलीच उचलली. काका मला हळूच म्हणाले, "हितली क्यूसी तुझ्याहून कडक हाय गो." त्यानंतर आठवड्यातले चार दिवस ते पाळी सुटली की तिथे. पट्ट्याला नवीन भोक पडलं. जिना चढताना मध्ये थांबणं बंद झालं. मी गर्वानं सांगते, माझ्या लाल रेघांना फळ येत होतं.

आणि मग आला शिमगा.

काका पालखीचे खांदेकरी. पाच दिवस रजा टाकून कुडपणला गेले. परत आले ते उन्हानं रापून, आवाज बसलेला, पण खूष. रक्त द्यायला दोनच दिवस उरले होते. मावशींकडे कुळीथ खाता खाता मी सहज विचारलं, "गावाला पथ्य पाळलंत ना?"

"पाळलं की. बाहेरचं कायसुद्धा खाल्लं नाय."

"आणि घरचं?"

"घरचं कुठं? पालखी दारात आली की देवाचा निवद असतो. खांदेकऱ्याला नाय म्हणता येत नाय."

"निवद म्हणजे?"

"पुरणपोळी."

मी भाकरी खाली ठेवली. "किती घरं?"

"अकरा." काकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "अगो, निवद हाय तो. देवानं आधी खाल्लेला. त्यात कसली आलीय साखर?"

आम्ही बौद्ध, आमच्यात देव नाही आणि नैवेद्यही नाही, त्यामुळे हा हिशेब समजायला मला थोडा वेळ लागला. हा माणूस हॉटेलवाल्याच्या वाटीतला मध वेगळा करतो, काजूची पेस्ट काढायला लावतो, आणि अकरा घरच्या पुरणपोळ्या त्याला खाणं वाटतच नाहीत! मावशी पलीकडून म्हणाल्या, "देवानं खाल्ला असता तर उरला असता काय रं, येड्या?"

काकांचा चेहरा उतरला. तीन महिने जपलेलं सगळं पाच दिवसांत घालवलं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. हातातला घास तसाच राहिला. "मंग गेलो मी स्टोअरला," म्हणाले.

मी धीर दिला. तीन महिन्यांची सरासरी असते, पाच दिवसांनी फार बिघडायचं नाही, असं समजावलं. आणि वर मी हेही म्हणाले, ते लपवत नाही, "डॉक्टरांना शिमग्याचं काही बोलू नका. रिपोर्टात पुरणपोळी दिसत नाही." मी बीएस्सी. मला वाटलं, मी शहाणपणाचं सांगते आहे.

रिपोर्ट आला त्या दिवशी काकांनी मला बरोबर नेलं, कागद वाचायला. डॉक्टर पाकीट फाडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "सायेब, उघडायच्या आधी एक सांगायचं हाय." आणि अकरा घरं, पाच दिवस, एकवीस पोळ्या, सगळं सांगून टाकलं. "दूध-तूप धरलं नाय त्यात," हेही सांगितलं. मी खुर्चीत चुळबुळत होते.

डॉक्टरांनी पाकीट उघडलं. साखर खूप उतरली होती. पण त्यांनी आखलेल्या रेषेच्या केसभर वर होती. काकांनी हेल्मेट मांडीवर घट्ट धरलं होतं.

"हे मला का सांगितलंत?" डॉक्टरांनी विचारलं. "मला कळलं नसतं."

"सायेब, बॅचमधे चुकून काय जादा पडलं तर आमी वहीत लिवतो. नायतर म्होरच्या पाळीवाल्याला कसं कळायचं, माल असा का आला? तसंच म्होरच्या पाळीवर तुमी."

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "म्हणजे वर असताना डोकं हलकं वाटलं, तर तेही सांगाल?"

"न सांगून काय करू? तिसऱ्या मजल्यावरून पडू?"

डॉक्टरांनी पेन उचललं. "मला भीती साखरेपेक्षा तुमच्या न सांगण्याचीच होती," असं म्हणत सही केली. "रिअ‍ॅक्टरवर राहा. तीन महिन्यांनी पुन्हा येऊन दाखवा. आणि सकपाळ, शिमगा वर्षातून एकदाच येतो, हे एक बरंय."

बाहेर आल्यावर काकांनी कागद माझ्या हातात दिला. "मोठ्यानं वाच." मी मोठ्यानं वाचलं. "परत वाच." परत वाचलं. मग त्यांनी हेल्मेट चढवलं आणि लोखंडी जिन्याकडे निघाले. मी खाली उभी राहून बघत होते. पहिला मजला झाला. दुसरा झाला. तिसऱ्याच्या अर्ध्यावर ते थांबले, कठड्याला टेकून खाली वाकले. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

वरून आवाज आला, "दम लागला नाय गो! बुटाची नाडी सुटलीय!"

मी लॅबकडे वळले. ज्यानं एकवीस पोळ्या सांगितल्या, त्यानं दम लागला असता तर तोही सांगितला असता.