चौथ्या रानाची वाट

वाचकहो, ज्यात आपलं कसलंही हित नाही असा एखादा शब्द तुम्ही शेवटचा कधी पाळला होता? नीट आठवून बघा. मला तर आठवत नाही, आणि मी उठताबसता तत्त्वांची पत्रकं छापणारा माणूस आहे. पण आमच्या पिंगळीचे छावणीवाले मामा असा एक शब्द गेली चार वर्षं पाळताहेत, तोही सातासमुद्रापलीकडच्या एका गोऱ्या माणसाच्या भरवशावर. पिंगळी कुठे आहे हे त्या माणसाला ठाऊकही नाही. सबंध मराठवाड्यात इतका हट्टी माणूस दुसरा सापडणार नाही, आणि इतका खराही.

मामा मेंढपाळाच्या घरचे. तरुणपणी सिकंदराबादच्या छावणीत गेले आणि वीस वर्षं साहेब लोकांची गोल्फच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहिली. साहेब गेले, मागोमाग निजामाचं राज्यही गेलं, तेव्हा मामा एक टाकून दिलेली काठी आणि डोक्यात सगळा खेळ घेऊन गावी परतले. आता त्या काठीने ते मेंढ्या वळतात. गायरानात उभे राहून खडा असा टोलवतात की तो चुकार मेंढीच्या पुढ्यात हातभर अंतरावर पडतो आणि ती मुकाट मागे फिरते. मेंढीला खडा लागलेला मी कधी पाहिला नाही.

पण त्यांचा खरा नाद वेगळा. गोल्फच्या जगात चार मोठ्या स्पर्धा आहेत, तीन अमेरिकेत आणि एक विलायतेत समुद्रकाठी. बाकीच्या स्पर्धांना मामा 'बाजार' म्हणतात, या चारांना 'जत्रा'. चारही जत्रा मारणारा गडी कोण निघणार, हे ते आधीच सांगतात. स्टेशनमास्तरांकडे सिकंदराबादच्या गाडीने शिळे इंग्रजी पेपर येतात. मी मोठ्याने वाचायचं आणि मामांनी माझ्या वाचनाकडे साफ दुर्लक्ष करून फोटोतले पाय बघायचे. खेळाडूचं तोंड ते अंगठ्याने झाकून टाकतात. म्हणतात, "तोंडावर जाऊ नगंस. मेंढा काय अन् माणूस काय, चालीवरनं वळखावा." त्यांचं शास्त्र साधं आहे. गोदाकाठच्या काळ्या रानात माजलेला मेंढा राणीसावरगावच्या माळावर नेला की आठ दिवसांत खंगतो. तशीच या चार जत्रांची चार रानं: एक बागेसारखं, एक वाऱ्याचं, एक चढउताराचं आणि एक ढोपरभर गवताचं. चारी रानं ज्याला मानवतील तोच खरा. अशा रीतीने मामांनी लांब हातांचा एक उंच खेळाडू निवडला. बघता बघता त्याने तीन रानं मारली. राहिलं गवताचं.

इथवर सगळी गंमत होती. घोटाळा मी केला. त्या दिवसांत मी गावोगाव भविष्य सांगणाऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटत होतो, म्हणून गाव मला 'लीडर' म्हणे. धनिकांचा खेळ आणि त्यावर भविष्य, म्हणजे माझ्या दृष्टीने दुहेरी गुन्हा! एका सकाळी स्टेशनच्या बाकावर दहाजणांसमोर मी मामांना गाठलं. "मामा, तुमचं चुकलं तर? पोपटवाल्याचं काही जात नाही. तुमचं काय जाईल?"

मामांनी काठी आडवी मांडीवर घेतली. "लीडर, ज्या डोळ्यानं मी तेचे पाय बघितले त्याच डोळ्यानं मेंढे बघतो. डोळा खोटा निघाला तर लोकाचा मेंढा निवडायचा मला काय हक हाय? तो चौथं रान मारीस्तोवर कुणाच्या मेंढ्यावर बोट ठेवणार न्हाई. जबान दिली."

लोक हसले. मीही हसलो, मला वाटलं, मी जिंकलो. मामांच्या बोटाची किंमत मला तेव्हा कुठे ठाऊक होती! कळपासाठी मेंढा घ्यायचा तर आमच्या भागातले सगळे त्यांनाच बाजारात नेत. मामा पाचपन्नास मेंढ्यांतून मुकाट फिरत आणि एकावर बोट ठेवत; त्या कळपाची पुढची काही वर्षं निर्धास्त जात.

त्या साली तो खेळाडू एका टोल्याने हुकला. पुढच्या साली पहिल्याच दिवशी मागे पडला. पाथरीच्या बाजारात मामांचा पुतण्या त्यांच्यापुढे अक्षरशः हात जोडून उभा राहिला.

"काका, बोलू नगा. निस्तं बोट तरी करा."

मामांनी दोन्ही हात घोंगडीत घातले. पुतण्याने मोठ्या शिंगांचा देखणा मेंढा घेतला. मामांना त्याचा आत वळलेला मागचा पाय दिसत होता. पुढच्या हंगामात त्या कळपातली निम्मी कोकरं अधू जन्मली, तेव्हा मामा दोन दिवस जेवले नाहीत.

मग मी, सत्याचा कैवारी, एक जुना पेपर घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि छातीठोक वाचून दाखवलं, "मामा, जिंकला! चौथं रान मारलं!" पुतण्या शेजारीच होता, त्याने डोक्याचा पटका काढून हवेत फेकला. मामांनी पेपर ओढून घेतला, अंगठ्याने तोंड झाकलं, पाय बघितले.

"ह्यो फोटू दोन सालामागं दाखवला व्हतास. ह्याच बुटाचा बंद सुटलेला हाय बघ." मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "पत्रकं तूच छापतोस ना रे?"

पुतण्याने पटका उचलला, झटकला, पुन्हा बांधला. मला कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता मामांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, उजवाही धूसर होऊ लागलाय. स्टेशनमास्तर सांगतात, तिकडे तो खेळाडूही थकत चाललाय, पण दर साली गवताच्या रानात उतरतोच. मामा म्हणतात, "यायलाय न्हवं तो? मग मी बी हाय." आणि मी, भविष्याचा वैरी, दर खेपेला पेपराचं खेळाचं पान आधी उघडतो.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या गावात इंग्रजी पेपर येत असेल तर पुडीत बांधला जाण्याआधी त्याचं खेळाचं पान एकदा बघा. तीन रानं मारलेल्या, लांब हातांच्या त्या गड्याने चौथं मारल्याचं दिसलं तर कात्रण पिंगळीला पाठवून द्या. लवकर पाठवा, बाजार भरतच आहेत. आणि फोटो पायांसकट कापा. अक्षरांवर मामांचा विश्वास नाही, माझ्या वाचण्यावर तर मुळीच राहिलेला नाही.