म्हैस आटली, खातं बंद

ईमेलची गोष्ट म्हटलं की तुम्ही आधीच गालात हसायला लागणार. पोराचं चॅटिंगवर जमलं, पोरगी म्हणून भेटायला गेला आणि समोर मिशीवाला निघाला, असलंच काहीतरी. तर तसलं काही नाही. ह्या गोष्टीत म्हैस आहे. ती पण आत्याची.

नव्वदचं दशक संपत आलेलं. सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाला सायबर कॅफे निघाला. चालवणारे मिलिटरीतून रिटायर झालेले सुभेदार. तीन कंप्युटर आणि भिंतीवर त्यांच्या हातचा बोर्ड: ‘चपला बाहेर. दुसऱ्याचं खातं उघडू नये. एकच पत्र गावभर वाटू नये. खातं बंद झाल्यास इथं येऊन ओरडू नये.’

ताईनं तिथं खातं काढलं ते नोकरीसाठी. साताऱ्यात कंप्युटरची नवी कंपनी निघाली होती आणि मुलाखतीचं बोलावणं ईमेलनंच येणार होतं. सातारा तीन तासांवर, पोस्टकार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं, पण कंपनीची ऐट! इकडं वडिलांनी, आमच्या दादांनी, सांगून ठेवलेलं, “नोकरी लागली तर थांबतो. न्हाईतर कराडचं स्थळ पक्कं.” ताई दिवसभर शिकवण्या घ्यायची, म्हणून पासवर्ड मला दिला. “रोज बघून यायचं. बाकी कशाला हात लावायचा न्हाई.”

शनिवारी बोलावणं आलं नव्हतं आणि माझी पंधरा मिनिटं शिल्लक होती. मला नकलांची खोड. प्रसादाच्या रांगेवर ओरडणाऱ्या आमच्या देवळातल्या पुजाऱ्याची नक्कल तर घरात रोज व्हायची. त्याच आवाजात, इंग्रजी अक्षरांत मराठी, मी ठोकून दिलं: ‘हे पत्र अकरा जणांना पाठवा. एका बाईनं फाडलं, तिसऱ्या दिवशी तिची म्हैस आटली. एकानं पाठवलं, त्याच्या म्हशीला जुळं झालं. कल्याण सगळ्यांचं होईल, ढकलाढकल करू नका.’ सुभेदारांच्या वहीत गिऱ्हाइकांचे ईमेल पत्ते होते. त्यातल्या सत्तर जणांना पाठवलं. ताईच्या खात्यावरनं.

सोमवारी खातं उघडेना. पडद्यावर ईमेलवाल्यांची सूचना: अनोळखी लोकांना एकसारखी पत्रं गेली, तक्रारी आल्या, खातं बंद, खुलासा करा.

सुभेदार मागं उभं राहून वाचत होते. “किसका खाता है?”

“ताईचं.”

“आणि बोटं?”

“...माझी.”

“मग लिही माफी, जवान.”

पहिला माफीनामा शाळेतल्या इंग्रजीच्या सरांच्या आवाजात. ‘मोस्ट हम्बली’नं सुरुवात, मधे आजारी आजोबा. मिनिटात उत्तर आलं: पत्र मिळालं, पाळीनं बघू. दुसरा माफीनामा रडून लिहिला. उत्तर तेच, अक्षराचा बदल नाही. हसणं नाही, चिडणं नाही. नकला करणाऱ्याला याच्यापेक्षा वाईट प्रेक्षक मिळायचा नाही. शेवटी स्वतःच्या आवाजात लिहिलं: खातं बहिणीचं, चूक माझी, तिचं बोलावणं यायचंय. लय अवघड गेलं.

घरी ताई रोज विचारायची, “आलं का रं?”

“लाईन बंद हाय.”

गुरुवारी उंब्रजहून आत्याचं कार्ड आलं. आई उंबऱ्यातच मोठ्यानं वाचायला लागली, “तिसऱ्या दिवशी तिची म्हैस आटली...” त्या सत्तरांतल्या कॉलेजच्या कुठल्यातरी पोरानं माझं पत्र कागदावर उतरवून गावी नेलेलं, आणि दारात म्हैस असल्यामुळं आत्यानं घाबरून अकरा कार्डं लिहिली होती.

“पेन घे,” आई म्हणाली. “आपल्याकडं म्हैस न्हाई, पण मिक्सर हाय. विषाची परीक्षा नको.”

माझंच पत्र मी लिहीत बसलो. आठव्या कार्डावर होतो तेवढ्यात ताई आली. कार्ड उचललं, शेवटची ओळ वाचली.

“ढकलाढकल करू नका?” ती हळूच म्हणाली. “कुठल्या खात्यावरनं पाठवलंस?”

सांगितलं.

ती चपला घालूनच कॅफेत शिरली. सुभेदारांनी बोर्डाकडं बोट केलं आणि मग खुर्चीच ओढून दिली. खातं उघडलं होतं. ईमेलवाल्यांचं उत्तर: पहिली चूक म्हणून सोडतोय, पुन्हा झालं तर कायमचं बंद. त्याच्याखाली मंगळवारी आलेलं कंपनीचं बोलावणं. शुक्रवारी साडेदहा. म्हणजे उद्या.

सुभेदारांनी मला त्यांची वही दिली. सत्तर माफ्या, एकेक करून. “एकदम पाठवशील तर खातं परत बंद. नियम म्हणजे नियम.”

सकाळी सहाच्या सातारा गाडीला ताईला बसवायला गेलो. तिचं तोंड उतरलेलं. म्हटलं हसवावं, म्हणून कंडक्टरचा आवाज काढला, “चला, पुढं सरका, पुढं...”

“तोंड बंद!” खिडकीतनं ताई कडाडली. अख्खी गाडी वळून बघायला लागली. “गाढवा, कुणाचा आवाज कवा काढायचा एवढं बी कळंना व्हय रं? मला तिथं माझ्या आवाजात बोलायचंय! तीन दिवस मिळाले असते तयारीला, तुझ्यामुळं एक संध्याकाळ मिळाली. न्हाई लागली नोकरी, तर कराडच्या मांडवात तूच उभा राहा. कर नवरीची नक्कल! आणि घरी जाऊन ती आठ कार्डं फाड आधी!”

गाडी हलली. तिनं पुन्हा मुंडकं बाहेर काढलं.

“आणि पासवर्ड बदललाय मी!”