माझ्या मापाचा पिवळा

टोमॅटोच्या पाल्याला एक उग्र, हिरवा वास असतो. तो बोटांना चिकटतो, घामात मुरतो आणि संध्याकाळी साबणाने दोनदा हात धुतले तरी भाकरीच्या पहिल्या घासाबरोबर पुन्हा नाकाशी येतो. सासरी, डिंगोऱ्याला, आमच्या रानात ज्येष्ठाच्या उन्हात तोडणी चालू असली, की त्या पाल्याच्या काळपट डागांपासून साडी वाचावी म्हणून आम्ही बायका वरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवतो आणि वाकून क्रेट भरत राहतो. त्याला कुणी हसत नाही. म्हणूनच त्या वर्षी मी पिवळाधमक, हिरव्या गळपट्टीचा ब्राझीलचा शर्ट घालून तोडणीला गेले, तेव्हा बांधावरून जाणाऱ्या एकाही माणसाने मान वळवली नाही. बाई काम करतेय, एवढंच त्यांना दिसलं.

ब्राझीलशी माझं नातं जुळलं ते बाळंतपणात. आंबेगाव तालुक्यातलं पारगाव माझं माहेर. मी पहिलटकरीण, बाजेखाली शेगडी, कानाला घट्ट बांधलेला रुमाल, ओव्याच्या धुरीचा कोंदट वास आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी. समोर दादाचा कृष्णधवल टीव्ही. फ्रान्समध्ये फुटबॉलचा विश्वचषक चालला होता. रात्र झाली की त्या काचेत माणसं पळू लागत. अडवायला कुणी आडवा आला तरी त्याच्या बगलेतून निसटून, वर हसत हसत पळत. आणि मला कुशीवर वळायचीही चोरी! दादाने सांगितलं, यांचा शर्ट पिवळा असतो. काचेत तो राखाडी दिसे, मी मनातल्या मनात त्याला झेंडूचा रंग देई. शेवटच्या सामन्यात ते सपशेल हरले आणि मी अशी हमसून रडले, की बाळंतिणीला काही झालं म्हणून आई धावत आली. हरले त्या दिवसापासून ती माझी माणसं झाली.

चार वर्षांनी जुन्नरच्या बाजारात, एका कापडदुकानाच्या दारात टांगलेल्या शर्टावर, तो रंग मला पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटला. दुकानातले मारवाडी शेठ म्हणाले, “पोराचं वय सांगा ताई, मापाचा काढतो.”

“अठ्ठावीस.”

“एवढं मोठं पोर?”

“पोर न्हाई, शेठ. मलाच पायजे.”

शेठ हसू दाबत शर्टाची घडी घालू लागले. “घ्या, घ्या. पण घरी माझं नाव सांगू नका बरं.”

ब्राझीलचा अंतिम सामना रविवारी होता, तोही जपानमधून, म्हणजे आपल्याकडे कलत्या दुपारी. रंगीत टीव्ही आळीत आमच्याच घरी, आणि क्रिकेट नव्हतं म्हणून का होईना, चार-सहा बाप्ये यायचे होते. मी न्हाऊन, स्वच्छ साडी नेसून, तिच्यावर धुतलेला पिवळा शर्ट चढवला. माजघरात येऊन हे थबकलेच.

“आगं, काढ ते! रानात ठीक हाय. पोरासोरांचं सोंग घेऊन माणसांत बसतीस का?”

“यात्रेत बैलगाडा पळाला की तुमी पस्तिशीचे गडी गुलालात लोळता, ते कुणाचं सोंग?”

चुलीपाशी थोरल्या जाऊबाई चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांचा हात तसाच थांबला. हे अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “तुला न्हाई गं, मला हसतील.”

ते मात्र मला लागलं. खोटं बोलत नव्हता माणूस. शर्टाची खालची कड मी हातात धरलीसुद्धा. पण तेवढ्यात साडी काढताना उघडीच राहिलेली माझी पेटी दिसली. लग्नातला शालू. डोहाळजेवणाची हिरवी. दादाने भाऊबीजेला घातलेली. सासूबाई गेल्या तेव्हा माहेराहून आलेली दुखवट्याची. एकेक साडी सुरेख, मायेने दिलेली. पण प्रत्येक साडी मी कुणाची तरी कुणीतरी आहे म्हणून माझ्या अंगावर आलेली. हा एकच कपडा असा, की जो मी कुणाचीच कुणी नसताना, निव्वळ मला आवडला म्हणून घेतला. लहान लेकरांना तर आपण देऊ ते घालावंच लागतं. आपल्याला काय आवडतं हे उमगायला मोठं व्हावं लागतं, आणि उमगल्यावर ते झाकायचं, ही कुठली रीत?

“न्हाई काढणार,” मी म्हटलं, आणि पाटावर जाऊन बसले.

माणसं आली. एकाने विचारलंच, “वहिनी, कंच्या जागेवर खेळता?” मी म्हटलं, “राखीव हाय, भाऊजी. कुणी दमलं की उतरते.” हशा पिकला, पण हे हसले नाहीत. मध्यंतराला पाण्याची मोटार चालू करायला म्हणून रानात गेले, ते परतलेच नाहीत. पुढे ब्राझीलने दोन गोल केले. दुसऱ्याला मी उभी राहून ओरडले, एकटीच. जिंकलो होतो आम्ही, आणि दाराशी त्यांच्या चपला नव्हत्या. राग आला, वाईटही वाटलं. शर्ट मात्र अंगावरच ठेवला.

माणसं पांगल्यावर मी मागच्या दारी कपबशा विसळत बसले. उतरतं ऊन भिंतीवर आलं होतं. जाऊबाई शेजारी येऊन टेकल्या. बावीस वर्षं या घरात काढलेली ती अबोल बाई. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी माझी बाही चिमटीत धरली, कापड बोटांनी चाचपून पाहिलं.

“असला निळ्यात असतो का गं?”

“असतो की. कुठल्या टीमचा हवा?”

त्यांनी एकदा दाराकडे वळून पाहिलं.

“टीमचं मला काय ठावं? मला निळा लई आवडतो. कुणी कधी इचारलंच न्हाई.”