सत्तर टक्क्यांची वाट

आमच्या गल्लीत त्यांना सगळे ‘खरं-सांगू’ म्हणत. तोंडावर मात्र भाऊ. फर्निचरच्या एका तीन मजली दुकानात त्यांनी बत्तीस वर्षं विक्रीचं काम केलं. गिऱ्हाईक एखाद्या कपाटासमोर रेंगाळलं की ते दोन पावलं मागे सरत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, “खरं सांगू का?” आणि मग खरंच खरं सांगत. कपाट देखणं आहे, पण ओल धरली की दार फुगतं. पलंग मजबूत आहे, पण तुमच्या जिन्याच्या वळणावर अडकेल आणि पाहुणे त्याच्यावरून उड्या मारून वर येतील.

सुरुवातीला मालक कपाळावर हात मारून घेत. पण भाऊंनी ज्यांना कपाट घेऊ दिलं नाही, तेच लोक वर्षभरानं टेबल घ्यायला त्यांचाच पत्ता विचारत येऊ लागले, तेव्हा मालकांनी बोलणं सोडून दिलं.

खुर्ची विकण्याची त्यांची पद्धत तर जगावेगळी होती. गिऱ्हाइकाला ते खुर्चीत बसवत, दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलत आणि मग सांगत, आता हात मांडीवर ठेवा आणि उठा. उठताना माणूस किती पुढे झुकतो, हात कशाचा आधार शोधतात, तोंडातून ‘आई गं’ निघतं की नाही, हे ते डॉक्टरसारखं बघत. बसायला काय, पायरीसुद्धा चालते, असं त्यांचं म्हणणं. खुर्ची घ्यायची ती उठण्यासाठी.

त्यांच्या घरच्या खुर्चीची मात्र उठण्याच्या नावानं बोंब होती. दोन वर्षांपासून भाऊंच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, गुडघे कुरकुरत होते. एक हात टेबलावर, दुसरा भिंतीवर आणि मध्ये तीन वेळा देवाचं नाव, असा त्यांचा उठण्याचा कार्यक्रम चाले. एकदा तर भाऊ कामावर असताना त्या दुपारभर बसूनच राहिल्या. दारावरची बेल वाजली तेव्हा “नंतर या” असं बसल्या जागेवरून ओरडून त्यांनी पोस्टमनला परत पाठवलं.

एका संध्याकाळी वहिनी भाऊंची विसरलेली छत्री घेऊन दुकानात गेल्या. दुसऱ्या मजल्यावर भाऊ कुणाशी तरी बोलत होते म्हणून जवळच्या खुर्चीत टेकल्या. साधी लाकडी खुर्ची, सरळ पाठ, रुंद हात, तपकिरी गादी. भाऊ मोकळे झालेले दिसताच वहिनी उठल्या आणि त्यांच्याकडे चालू लागल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी. कशाचा आधार नाही की देवाचं नाव नाही. त्यांच्या स्वतःच्या ते लक्षातही आलं नव्हतं, भाऊंच्या आलं.

“पुन्हा बस,” ते म्हणाले. वहिनी बसल्या. “आता ऊठ.” वहिनी उठल्या. मग दोघं नवराबायको त्या खुर्चीकडे, हरवलेली गाय गोठ्यात सापडावी तसे बघत राहिले.

“घेऊन टाका,” वहिनी म्हणाल्या.

भाऊ घेणारच होते. खुर्ची चौसष्टशेची, तसली एकच उरलेली, दुकानातल्या माणसांना एक पंचमांश सवलत. पण नेमकं त्याच आठवड्यात मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की आता वय झालं, मुलीला या धंद्यात रस नाही, दुकान बंद करायचं. भाऊ घरी आले ते वाईट वाटून घेतच, पण चेहऱ्यावर एक हुशारीही होती. दुकान बंद होताना सेल लागेल, तेव्हा हीच खुर्ची पडल्या भावात येईल, महिनाभर कळ काढ, असं त्यांनी वहिनींना समजावलं. वहिनी म्हणाल्या, गुडघ्यांना महिना कळत नाही. भाऊ हसले. बत्तीस वर्षं गिऱ्हाइकांना ते सांगत आले होते, की गरजेची वस्तू गरज असेल तेव्हा घ्यावी, सेलची वाट बघू नये. पण उपदेश ही वस्तू गिऱ्हाइकासाठी असते. दुकानदार ती घरी नेत नाही.

मालकांनी सगळा माल एका सेलवाल्या कंपनीला एकदमच विकून टाकला होता. एका सोमवारी त्या कंपनीची आठ माणसं आली. त्यांच्या प्रमुखाचं नाव नोकरांनी पहिल्याच दिवशी ‘टक्केवाले’ ठेवलं, कारण हा गृहस्थ टक्क्यांशिवाय बोलतच नसे. चहा घेणार का विचारलं, तर म्हणे पन्नास टक्के चालेल.

दोन दिवस दार बंद ठेवून जुनी लेबलं काढली, नवी लावली. तिसऱ्या दिवशी भाऊ दुसऱ्या मजल्यावर गेले आणि खुर्चीसमोर थबकले. लेबलावर अकरा हजार लिहून त्यावर काट मारली होती आणि खाली लाल अक्षरांत: तीस टक्के सूट, फक्त सत्त्याहत्तरशे.

काहीतरी चूक झाली असं समजून भाऊ खाली गेले. टक्केवाल्यांनी फार प्रेमानं समजावलं, की चूक नाही, अकरा हजार ही वस्तूची मूळ किंमत आहे.

“कुठल्या मुळाची?” भाऊंनी विचारलं. “मी बत्तीस वर्षं इथं आहे.”

टक्केवाले हसले आणि पुढच्या पाटीकडे वळले. नोकरांच्या सवलतीचं काय, तर माल आता मालकांचा नाही, त्यामुळे सवलतही नाही. तेवढ्यात मागच्या दारी एक ट्रक लागला. त्यातून डुगडुगणारी स्टुलं आणि सरसाचा वास मारणारी कपाटं उतरली आणि ‘बंद होणाऱ्या दुकानाचा माल’ म्हणून थेट दर्शनी काचेत जाऊन बसली. ती भाऊंनी जन्मात पाहिली नव्हती.

घरी वहिनींनी विचारलं, काय झालं खुर्चीचं?

“तीस टक्के सूट आहे,” भाऊ म्हणाले.

“मग?”

“आधीपेक्षा तेराशेनं महाग झाली.”

वहिनींनी बोटांवर हिशेब करून पाहिला. मग म्हणाल्या, “पुन्हा एकदा सांगा. मी काही बत्तीस वर्षं दुकानात नव्हते.”

सूट आठवड्याआठवड्यानं वाढणार होती: पन्नास, मग साठ आणि शेवटचे दोन दिवस सत्तर. पन्नासला खुर्ची पंचावन्नशेची झाली, म्हणजे सवलतीत मिळत होती त्याहून अजूनही महागच. भाऊंनी आता मनाशी सत्तरावर बोट ठेवलं होतं. तेहतीसशे. त्याच्या वर एक पैसा दिला असता, तर वहिनींपुढे मान वर करायची सोय राहिली नसती. प्रश्न एवढाच होता, की तोपर्यंत खुर्ची टिकवायची कशी.

त्यांनी ती एका मोठ्या कपाटामागे सारली. दुपारपर्यंत कपाटच विकलं गेलं. तिच्यावर गाद्यांची चळत रचली. टक्केवाल्यांनी गाद्या हलवून खुर्ची थेट जिन्याच्या तोंडाशी मांडली. एका तरुण जोडप्यानं विचारलंच, की ही कशी आहे? भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला, “खरं सांगू का,” म्हणाले आणि अडकले. वाईट बोलायचं होतं, पण तोंडात काही येईना. शेवटी कसंबसं सांगितलं, की या तपकिरी रंगावर धूळ दिसत नाही. जोडप्याला तो गुणच वाटला. नशिबानं त्यातल्या मुलीला हिरवा रंग हवा होता.

खालच्या मजल्यावर असले, की भाऊ विचारेल त्याला महिन्यापूर्वीची किंमत सांगून टाकत. चार गिऱ्हाइकं हात हलवत परत गेल्यावर टक्केवाल्यांनी त्यांना कायमचं दुसऱ्या मजल्यावर धाडलं. भाऊंना हेच हवं होतं. घारीनं पिलांवर ठेवावी तशी ते खुर्चीवर नजर ठेवून राहिले.

साठ टक्क्यांची पाटी लागली त्या सकाळी वहिनीच दुकानात हजर. म्हणाल्या, “मी बसते तिच्यावर. बसलेल्या बाईला उठवून कोण खुर्ची विकणार आहे?” भाऊंना ही युक्ती फार आवडली. वहिनींनी पिशवीतून विणकाम काढलं आणि दहा वाजता ठाण मांडलं.

बारा वाजेपर्यंत पाच जणांनी त्या खुर्चीची किंमत विचारली. घरच्यासारखी ऐसपैस बसून स्वेटर विणणारी बाई पाहिली, की प्रत्येकाला तीच खुर्ची हवी होई. टक्केवाले वर आले, त्यांनी हा देखावा पाहिला आणि वहिनींना स्वतःच्या हातानं चहा आणून दिला. अशी कल्पना त्यांच्या कंपनीत आजवर कुणाला सुचली नव्हती. भाऊ प्रत्येकाला सांगत सुटले, की या बाई आधीपासून विचार करतायत. ते खोटं नव्हतं.

दुपारी एक मध्यमवयीन बाई आपल्या वडिलांना घेऊन आली. म्हातारे उंचेपुरे, हातात काठी. वहिनींच्या शेजारच्या खुर्चीत ते बसले. लेकीनं काखेत हात घालून उठवलं. दुसऱ्या खुर्चीत बसले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला दोघंही धापा टाकू लागले.

“राहू दे गं,” म्हातारे म्हणाले. “मी घरी उभाच राहीन. वॉचमन समजून चोर तरी येणार नाहीत.”

लेक भाऊंकडे वळली. म्हणाली, शेजारीण सांगत होती की असले सेल म्हणजे शुद्ध लूट. यात खरंच काही स्वस्त असतं का हो?

हा प्रश्न भाऊंना विचारायला नको होता. चष्मा आपोआप कपाळावर गेला.

“खरं सांगू का? पाट्यांवर जाऊ नका. काचेतला माल दुकानाचा नाही, त्याला हात लावू नका. पण ही खुर्ची महिन्यापूर्वी चौसष्टशेला होती, आज चव्वेचाळीसशेला आहे. ही खरी स्वस्त आहे. चार दिवसांनी तेहतीसशेची होईल, पण तोवर राहणार नाही. गरज असेल तर आजच घ्या.”

बोलून झालं आणि मग ते त्यांनी स्वतः ऐकलं. वहिनींच्या सुया थांबल्या होत्या. चष्म्यावरून त्यांनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, लोकरीचा गुंडा पिशवीत टाकला आणि हात मांडीवर ठेवून सरळ उठल्या.

“बसून बघा, बाबा,” त्या म्हणाल्या.

म्हातारे बसले. उठले. काठी लेकीच्या हातात देऊन पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा निव्वळ मजा म्हणून. दहा मिनिटांत खुर्ची हमालाच्या डोक्यावरून जिना उतरून गेली.

बसमध्ये भाऊंनी दोनदा बोलायला सुरुवात केली आणि दोनदा सोडून दिली. शेवटी वहिनीच म्हणाल्या, “बरं केलंत. तुम्ही गप्प बसला असतात तर मीच सांगितलं असतं.” दोन थांबे गेल्यावर पुढे म्हणाल्या, “दिवसभर बसून काय करणार? सुईनं मोजलं, घरची सकाळी निघताना मोजली होती. आपल्या खुर्चीपेक्षा ती चार बोटं उंच आहे. लाकूड तसलंच, गादी तसलीच. बाकी काही जादू नाही तिच्यात.”

बत्तीस वर्षं भाऊंनी माणसांच्या पाठी, हात आणि गुडघे बघितले होते. खुर्चीला पट्टी लावावी असं त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या शेडमधल्या सुतारानं टाकाऊ लाकडातून चार ठोकळे कापून दिले आणि संध्याकाळी घरी येऊन जुन्या खुर्चीच्या पायांना पक्के बसवले. पैसे विचारले तर म्हणाला, भंगारात जाणार होतं. वहिनी बसल्या आणि दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन उठल्या. सुतारानं त्यातला एक घेतला.

सत्तर टक्क्यांच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर सरसाच्या वासाची कपाटं तेवढी उरली होती. लोकांनी तीही नेली.

रविवारी दुकान बंद झालं. दुसऱ्या दिवशी भाऊ पहिल्यांदाच सकाळभर घरी होते. वर्तमानपत्र घेऊन त्या खुर्चीत बसले. भाऊ वहिनींपेक्षा चांगले वीतभर बुटके. पाय जमिनीला टेकेनात. ते वाचत होते आणि चपला एकेक करून खाली पडत होत्या.

वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “उद्या त्या सुताराला विचारा, पायाखाली घ्यायला एखादा तुकडा उरलाय का.”