दुपारी साडेनऊ अँपिअर

कारखान्यात तिला सगळे ‘बीएस्सी’ म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. नवरासुद्धा कधीमधी म्हणून जाई. लग्न ठरताना थोरल्या दिरांनी मुलीचा फोटो मागितला नव्हता, गुणपत्रिका मागवली होती. हीटरच्या कारखान्याच्या परवान्यासाठी चाचणीला विज्ञानाचा पदवीधर लागत होता, आणि पगारी माणूस आज आहे, उद्या नाही. सून कुठे जाते?

बारा वर्षं झाली. ती कुठे गेली नाही. खाली कारखाना, वर दोन खोल्या, मधे लोखंडी जिना. घर दिरांचं, धंदा दिरांचा, परवान्यावर चाचणीपुढे नाव मात्र तिचं. नवरा कॉइल गुंडाळायच्या यंत्रावर. भाऊ सांगेल तितके वेढे, ना एक जास्त, ना एक कमी. चांगला माणूस. नुसता चांगला, हीच त्याची अडचण.

तिचं काम साधं. हीटर जोडायचा, मीटरवर करंट बघायचा, कागदावर अँपिअर लिहायचे, सही करायची. दहाच्या आत असला की पास, कारण हीटरच्या वायरला दहाच्या वर सोसत नाही. हा कागद दिरांनी छापून घेतलेला. त्यात व्होल्टचा रकानाच नव्हता. विसरले म्हणावं, तर हा माणूस साधी टाचणी विसरत नसे.

यंदा त्यांनी नवं फर्मान काढलं: चाचणी सकाळी नको, अकरा ते एक करायची. त्या दोन तासांत शेजारच्या लोखंड कापायच्या कारखान्यातली सगळी यंत्रं एकदम धडधडू लागत आणि अख्ख्या गल्लीचं व्होल्टेज दोनशेतीसवरून एकशेनव्वदवर येई. पहिल्याच दुपारी मीटरनं साडेनऊ अँपिअर दाखवले. पास! पण तिनं मनात भागाकार केला. एकशेनव्वद भागिले साडेनऊ, वीस ओहम. दोन हजार वॅटच्या हीटरला साडेसव्वीस हवेत. कॉइल सरळसरळ आखूड होती.

ती कागद घेऊन दिरांच्या टेबलापाशी गेली.

“भाऊजी, कॉइलमध्ये तार कमी पडलीय.”

“मीटर किती म्हणतं?”

“साडेनऊ. पण आत्ता व्होल्टेज...”

“दहाच्या आत ना? मग झालं. मीटरशी भांडायचा पेपर होता का तुमच्या कॉलेजात?”

“लोकांच्या घरी दोनशेतीस येतात. तिथे हाच हीटर साडेअकरा अँपिअर ओढेल. वायर वितळेल, भाऊजी.”

“मग वायरवाल्याला धरतील. तार काय भावानं मिळते ठाऊक आहे? एका कॉइलमागे चौथा हिस्सा वाचतो. जा, सह्या उरक.”

जाऊबाई दारातून म्हणाल्या, “शिकलेल्या बायकांचं हेच. मीठ टाकतानाही सूत्र लागतं.”

तिनं सह्या उरकल्या. दुसरं काय करणार होती?

जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, “वेढे तुम्हीच मोजता ना?”

“मोजतो. दादा सांगतो तितके.”

“आणि कुणाचं घर पेटलं म्हणजे?”

त्यानं ताटातली भाकरी मोडली. “आपल्या या दोन खोल्या आहेत, बीएस्सी. विचार कर जरा.”

“आपल्या?”

तो पाणी प्यायला आणि उठला.

तीन दिवस ती निमूट सह्या करत होती. नाही म्हणायची छाती नव्हती आणि खोटं पोटात मावत नव्हतं. चौथ्या दुपारी तिनं सहीच्या आधी, समासात, बारीक अक्षरात ‘१९० व्होल्ट’ लिहिलं. मग प्रत्येक कागदावर लिहिलं. दिरांनी गठ्ठा चाळला, सह्या मोजल्या आणि मालासोबत पाठवून दिला. समास कोण वाचतो?

घाऊक दुकानदारानं वाचला. आठवड्यानं तो स्वतःच येऊन टेबलासमोर बसला. कागद पुढे सरकवून म्हणाला, “हे कोपऱ्यात काय लिहिलंय?”

“काही नाही हो,” दीर हसले. “बायकांची सवय, काहीतरी टिपून ठेवायची.”

“मग बाईंनाच विचारतो. बाई, माझ्या गिऱ्हाइकाकडे दोनशेतीस येतात. तिथे हा हीटर किती वॅट खाईल?”

कॉइलचं यंत्र थांबलं. नवरा तिच्याकडे बघत होता, नको नको म्हणणाऱ्या डोळ्यांनी. दीर हसतच होते, फक्त आता दात दिसत नव्हते. आपण तोंड उघडलं की जिना संपला, हे तिला स्वच्छ कळत होतं. वर कुठली पेटी आधी भरायची, हेही तिनं त्या क्षणात ठरवून टाकलं. खरं सांगायचं, तर तिला जरा हलकंच वाटलं.

“दोनशेतीसचा वर्ग भागिले वीस,” ती म्हणाली. “दोन हजार सहाशे पंचेचाळीस. हीटरच्या पाटीवर दोन हजार छापलेत. वायर टिकणार नाही.”

दुकानदारानं कागद घडी करून खिशात घातला. “तीनशेच्या तीनशे परत न्या. कॉइल पूर्ण मापाची घाला. आणि एक ऐका, यापुढे या बाईंची सही आणि व्होल्टचा आकडा असल्याशिवाय मी एक नग उचलणार नाही. बाई गेल्या, तर व्यवहार संपला.”

“छे हो,” दीर म्हणाले, “जाते कुठे? घरचीच आहे.”

कुणी तिला हाकललं नाही. कुणी ओरडलंही नाही. जाऊबाईंनी बोलणं टाकलं, पण ताट पाठवत राहिल्या. नवरा तीनशे आखूड कॉइली काढून पूर्ण मापाच्या नव्या गुंडाळायला बसला.

सोमवारी छापखान्यातून नवे कागद आले. व्होल्टचा रकाना होता, ठळक, सगळ्यात वर. खाली सहीची रेघ, आणि रेघेखाली दुसऱ्या कुणाला सही करता येऊ नये म्हणून तिचं पूर्ण नाव छापूनच आणलेलं.

“किती आहेत?” तिनं विचारलं.

“पाच हजार,” दीर म्हणाले. “एकदम छापले की स्वस्त पडतात.”